हाल्डनच्या तुरुंगाचा व्हिडिओ आणि आबांचा प्रश्न

तीर्थरूप आबा आणि सौ. आईस, शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई पुढचं निवांत वाचेल. जेवण, थंडी, ऑफिस, सगळं नेहमीचंच. फोनवर आबा दोन वाक्यांत "घे, आईशी बोल" म्हणतात आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र.

दादाने गावच्या ग्रुपवर टाकलेला इथल्या, म्हणजे नॉर्वेतल्या, हाल्डनच्या तुरुंगाचा व्हिडिओ खोटा नाही. खोलीत फ्रीज, टीव्ही, स्वतंत्र संडास-बाथरूम, गाणी रेकॉर्ड करायला स्टुडिओसुद्धा. २०१० साली उघडला तो. सहा मीटरची भिंत मात्र व्हिडिओत कुणी दाखवत नाही. बाहेर जाता येत नाही हीच शिक्षा, वरून आणखी हाल करायचे नाहीत, असं इथलं धोरण. पण आबा म्हणाले, "असल्या तुरुंगाला कोण भिणार? आणि आमची पोर तिथं रात्री एकटी फिरते." त्याचं उत्तर द्यायचंय.

आधी इथली एक रीत सांगते, मला अजून पचलेली नाही. आमच्याच मजल्यावर एक काका राहतात. एका रविवारी दार वाजवून त्यांनी विचारलं, कुंड्यांना पाणी घालशील का, तीन आठवडे नाहीये. मी म्हटलं, सुट्टीला का? तर म्हणाले, "नाही, तुरुंगात." दारू पिऊन गाडी चालवताना सापडले होते. आपल्याकडे निकाल लागला की पोलीस कोर्टातूनच घेऊन जातात. इथे असल्या गुन्ह्यात माणूस निकालानंतर घरी येतो, नोकरीवर जातो. मग पत्र येतं, अमुक तारखेला अमुक तुरुंगात हजर व्हा. तो बॅग भरून आपला आपण जातो! मध्यंतरी आत जागा नव्हती, तेव्हा रांग लागली होती, शिक्षा भोगायची रांग. म्हणून २०१५ ते २०१८ नॉर्वेने हॉलंडमधला एक अख्खा तुरुंग भाड्याने घेतला होता. काकांनी कोणत्या कुंडीला किती पाणी ते चिठ्ठीवर लिहून दिलं, परत आल्यावर चहाला बोलावलं. पळून का नाही गेले, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. (आई, चहाच होता.)

आता भीतीचं. ऑफिसच्या पार्टीला गाडी आणलेला माणूस इथे बिअरचा घोटसुद्धा घेत नाही. तुरुंगाच्या खोलीला तो भीत नाही, खोली कशी आहे ते त्याला माहीतच आहे. पण रस्त्यात कुठेही तोंडात नळी देतात, रक्तात दारूची मर्यादा ०.२ प्रोमिल, म्हणजे हजारात ०.२ भाग, जवळजवळ शून्यच, आणि थोडीशी ओलांडली तरी साधारण दीड महिन्याचा पगार दंडात जातो. ओळखीचा हवालदार नाही, आमदाराचा फोन नाही. सापडणार याची खात्री, तीच भीती.

आबा, कोपर्डीच्या बलात्कार-खुनानंतर सांगलीच्या मोर्चात मीही होते. फाशीच पाहिजे म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले होते. २०१७ मध्ये तिघांना फाशी सुनावली. त्यानंतर आईने मला विट्याहून शेवटच्या एसटीने एकदा तरी एकटीला येऊ दिलं का? आपल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी आहेत, निकालाची वाट बघत. एकाची वर्षं निकालाआधीच आत जातात आणि दुसरा जामिनावर गावात मिरवतो. त्यातून कुणी कशाचा धडा घ्यायचा?

इथं सगळं गोड आहे असं म्हणत नाही. सुटल्यावर दोन वर्षांत पुन्हा शिक्षा होणारे साधारण पाचात एक असतात. पण त्यात तुरुंगाचं श्रेय किती आणि बाहेर घर, नोकरी, भत्ता मिळतो त्याचं किती, कोण सांगणार? ७७ माणसं मारणाऱ्या ब्रेविकला २१ वर्षं, हे ऐकून माझंही डोकं फिरलं होतं. पण तो धोकादायक आहे तोवर ती मुदत वाढवता येते, आणि २०२२ मध्ये त्याचा सुटकेचा अर्ज फेटाळलाही.

आणि हे गोऱ्यांचं खूळ म्हणू नका. आटपाडीचं स्वतंत्रपूर तुम्हीच मला सायकलवरून दाखवलंत. औंध संस्थानाने १९३९ साली खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय, बायकापोरांसकट शेतीवर ठेवलं होतं. तेव्हा तुम्ही कौतुकाने सांगत होतात!

तर मी रात्री एकटी येते, रस्त्यावर दिवे असतात, बस वेळेवर असते. काळजी करू नका. करालच म्हणा.

पैसे सोमवारी पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा, पत्र्याचं नंतर. दादाला त्यातून मोबाईल घेऊ देऊ नका. दिवाळीला येणं जमत नाही, रजा शिल्लक नाही. आजीच्या वर्षश्राद्धालाही नव्हते, माहीत आहे मला. आजीच्या नावाने शाळेला काही द्यायचं असेल तर आकडा कळवा, लगेच पाठवते. विट्याच्या स्थळाला आता नाही म्हणून सांगा, त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. कारण आईला रविवारी फोनवर सांगते. आबा, त्या वेळी तुम्हीही फोनजवळ बसा, पण आधी आईला बोलू द्या.

तुमची,
ताई