भंडारदऱ्याहून आल्यावर

नाशिक, रविवार रात्र

सोन्या,

ग्रुपवर फोटो टाकले तर तू एक अंगठा पाठवलास आणि गायब, म्हणून आता सगळं लिहूनच काढते, थिसीसमधून डोकं वर काढलंस की वाच. भंडारदऱ्याला जाऊन आलो. आम्ही चौघी होस्टेलवाल्या, तिघींचे नवरे, बेबी मावशीची दोन्ही पोरं, आणि हो, मनू मावशी. नीट वाच परत, मनू मावशी. एकटीच आली होती, काकांना सुट्टी नव्हती.

त्याच्यावर येतेच, पण आधी तिथलं सांगते नाहीतर तू मधलं सगळं सोडून खाली जाशील.

घोटीहून आत वळलो की बारीपर्यंत बाबांचं कळसूबाई पुराण चालू, 1646 मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, मी कॉलेजात असताना दीड तासात चढलो वगैरे, या दीड तासाचा दर वर्षी एक एक मिनिट कमी होतोय. शेंडी गावात धरणाजवळ पोचलो तर ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि धरण बघून मला आधी वाईटच वाटलं. पाणी कुठल्या कुठे खाली गेलेलं. उन्हाळी आवर्तन सोडलं की असंच होतं म्हणे, इथलं पाणी प्रवरेतून खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरच्या उसाला जातं, आणि काठावरच्या लोकांना मेमध्ये हंडे घेऊन हिंडावं लागतं. आमचे टेंट लावले होते ती जागा ऑगस्टमध्ये पाण्याखाली असते, विचार कर. चिखल वाळून त्याच्या फरश्या झालेल्या, मधे म्हशींचे खूर उमटून तसेच कडक झालेले, त्या खुरात माझा पाय दोनदा मुरगळला. कॅम्पवाला पोरगा तिथलाच, तुझ्यापेक्षा लहान, म्हणाला ताई हे धरण इंग्रजांनी 1910 ला सुरू केलं आणि 1926 ला पूर्ण झालं, शंभरीचं म्हातारं आहे पण अजून पाणी धरून आहे. बाबा लगेच, आमच्या गुडघ्यांना जमत नाही ते.

स्वयंपाक त्याची आजी करत होती, तीन दगडांची चूल आणि वर काळंकुट्ट पातेलं. मी मदत करते म्हणून बसले, एक नाचणीची भाकरी थापली, ती परातीतून उचलताना मधोमध फाटली. आजींनी काहीही न बोलता ती परत मळून गोळा केला आणि परात स्वतःकडे ओढली. तीस वर्षं भाकऱ्या करतेय मी! पिठलं मात्र असलं भारी होतं की बेबी मावशीचा कीटो तिथेच संपला.

काजव्यांचं सांगायला पाहिजे कारण त्यासाठीच तर मेअखेर गाठली होती. चंद्र नव्हता, अंधार पडल्यावर तो पोरगा आम्हाला गावामागच्या झाडीत घेऊन गेला. हिरडा, बेहडा, सादडा असली झाडं आहेत, आधी एखाद दुसरा ठिपका, मग एक अख्खं झाड एकदम लागलं आणि एकदम विझलं, परत लागलं, जसं काही कुणीतरी बटण दाबतंय. हे लुकलुकणं माद्यांसाठी असतं आणि मोठा पाऊस लागला की सगळा कारभार आटोपतो, जेमतेम काही आठवड्यांचा खेळ. आणि तेवढ्यात मागून गाड्यांची रांग आली, हेडलाइट फुल, खिडकीतून गाणी, लोक खाली उतरून मोबाइलचे टॉर्च मारून काजवे शोधतायत. टॉर्च मारून! ते झाड विझलं ते विझलंच. मला इतका संताप आला ना, मग आठवलं की आपणही गाडीनेच आलोय, म्हणून गप्प बसले.

1993 ला आम्ही चौघी आलो होतो तेव्हा रतनवाडीला लाँचने गेलो होतो, पलीकडे अमृतेश्वराचं देऊळ, त्याच्या ओसरीत बसून मनूच्या आईने दिलेले दशम्या आणि ठेचा खाल्ला होता. होस्टेलवर शिर्डीला जातो म्हणून सांगून एसटीने आलो होतो, हे तुला आज पहिल्यांदा सांगतेय, तू असलं काही केलं असतंस तर मी घर डोक्यावर घेतलं असतं.

तर मनूची आई. मी जळगावची, नाशकात कुणी नाही, तीन वर्षं दर गुरुवारी काकूंचा डबा होस्टेलवर यायचा. तुला आठवत असतील, तुझ्या मुंजीत त्यांनी तुला चांदीची वाटी दिली होती. त्या आजारी पडल्या तेव्हा मी आज जाऊ उद्या जाऊ करत चार महिने गेलेच नाही. ऑफिस, तुझे क्लास, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना तसं अंथरुणावर बघायचं नव्हतं. मग त्या गेल्याच. दहावा रामकुंडावर होता, आपल्या घरापासून स्कूटीवर वीस मिनिटं. मी साडी नेसून तयार होते आणि गेले नाही, कारण आजारपणात फिरकली नाही ती आता कशी आली असं सगळे म्हणतील असं वाटलं. आणि सगळ्यांना सांगितलं की मुलाची दहावीची परीक्षा आहे. तुझा शेवटचा पेपर होऊन तेव्हा तीन दिवस झाले होते, सोन्या. तू खाली क्रिकेट खेळत होतास.

त्यानंतर मनू मावशीला फोन करायला तोंडच उरलं नाही. एक महिना गेला, मग वर्ष, मग नऊ वर्षं. तू विचारायचास मनू मावशी का येत नाही, तिने तर तुला पोहायला शिकवलं, आणि मी म्हणायचे ती बिझी असते. ती बिझी वगैरे नव्हती. या वेळी बेबी मावशीने मला न विचारता तिला परस्पर बोलावलं, मला शेंडीत पोचल्यावर कळलं. दिवसभर आम्ही दोघी मीठ दे, पाणी घे एवढंच बोललो.

रात्री एकच्या सुमाराला वळीव आला. आधी पाण्यावरून वारा आला, असला वारा की खुंट्या पटापट उपटल्या, बेबी मावशीचा टेंट तर पाण्याकडे पळतच सुटला, तिची पोरं मागे, बाबा चार्जिंग संपलेला टॉर्च घेऊन त्यांच्या मागे. बाकीचे गाड्यांकडे पळाले. आमच्या टेंटमध्ये मी आणि मनू, तीही बेबी मावशीनेच लावलेली व्यवस्था, आणि टेंट उडू नये म्हणून दोघी समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसलेल्या, डोक्यावर कापड फडफडतंय, झिपमधून पाणी आत. मला काय सुचलं माहीत नाही, मी म्हणलं मनू, काकूंच्या दहाव्याला मी... तर ती ओरडली, आधी कोपरा धर, मग बोल!

मग वारा जरा पडल्यावर म्हणाली, दहाव्याला कोण आलं कोण नाही मला काही आठवत नाही गं, मी तिथे होते तरी कुठे. आईचं सगळं आवरल्यावर रात्री सगळे गेले आणि मी फोन घेऊन बसले होते, वाटलं आता तू करशील. ते आठवतं.

मी जरा वेळ काही बोलले नाही. मग परीक्षेचं खोटं होतं हेही सांगून टाकलं, तर म्हणे माहितीय, तुझा मुलगाच नंतर रस्त्यात भेटला होता, म्हणाला मावशी पेपर कधीच संपले, मी मामाकडे चाललोय. तू मला हे कधी बोलला नाहीस रे. की तुलाही कळलं होतं?

सकाळी सगळं ओलंगच्च, स्लीपिंग बॅगा बाभळीवर वाळत घातलेल्या, आजींनी गुळाचा चहा दिला. रतनवाडीला गेलो, या वेळी गाडीने, देवळाच्या ओसरीत बसलो पण दशम्या नव्हत्या, वेफर्सचं पाकीट होतं. मनूने तुझे फोटो मागितले, तिला तो बर्फातला दाखवला तर म्हणे दाढी काढायला सांग त्याला.

तुझा नंबर दिलाय तिला पण ती आपणहून करायची नाही, मी ओळखते. तू कर. मी तुझ्या नावाने खोटं बोलले होते त्याचं काय ते तुझं तू ठरव, माझ्यावर चिडायचं तर चिड, पण तिला फोन कर. ती हल्ली दहाला झोपते, म्हणजे तुमच्याकडे साडेसहा वाजायच्या आत.

आई

ता.क. चांदीची वाटी कपाटात आहे, काळी पडली होती, आज घासली.