खुले पत्र: आमचा जीवही अतिरिक्त पदभारावरच ठेवणार का?

प्रति,
मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सविनय नमस्कार.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या गावात पिठाची गिरणी चालवते. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिले की चौकशी त्या गावापुरती होते, दोन खालच्या माणसांना नोटिसा जातात आणि विषय मिटतो. मला तो मिटू द्यायचा नाही.

गेल्या महिन्यात मध्यरात्रीनंतर आमच्या नाल्याला पूर आला. सासूबाईंनी मला गदागदा हलवले, "माय, ऊठ, पानी उनं!" तोवर खाटेचे पाय बुडाले होते. ना भोंगा वाजला, ना दवंडी आली, ना कोणी कर्ण्यावरून ओरडले. दुपारी मोबाईलवर संदेश येऊन गेला होता, नाही म्हणणार नाही: जिल्ह्यात काही ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता. आमच्या जिल्ह्यात १५ तालुके आहेत. चोपड्यापासून चाळीसगावापर्यंत नेमक्या कोणत्या नाल्याकाठच्या बाईने त्या रात्री जागायचे, हे त्यातून कसे कळावे?

मागचा पूर येऊन गेला तेव्हा आमच्याकडे मोठे साहेब आले होते. पुलावर उभे राहून सगळ्यांसमोर त्यांनी शब्द दिला की पावसाळ्याआधी इथे भोंगा बसेल, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी रंगवली जाईल आणि आपत्तीच्या कामाला एक जबाबदार माणूस नेमला जाईल. खांब उभा राहिला. भोंगा आला नाही, पट्टी आली नाही, माणूस तर नाहीच. साहेबांची बदली झाली. नवे आले, त्यांना विचारले तर म्हणाले, फाईल बघावी लागेल.

त्या रात्री मी नगरपालिकेच्या भिंतीवर रंगवलेला आपत्कालीन क्रमांक लावला. तो एका कर्मचाऱ्याचा स्वतःचा मोबाईल निघाला, आणि ते गृहस्थ केव्हाच निवृत्त झालेले. तरी त्यांनी फोन उचलला, गणेश मंडळाच्या पोरांना उठवले आणि ट्रॅक्टरची ट्यूब व दोर घेऊन स्वतः छातीभर पाण्यात उतरले. सासूबाईंना त्यांनीच बाहेर काढले. ज्यांना त्या कामाचा पगार मिळतो ते कुठे होते? मुख्याधिकाऱ्यांकडे शेजारच्या गावाचाही पदभार, ते तिकडे. अग्निशमन बंबाचा चालक कंत्राटी, तो सुटीवर. आपत्ती कक्ष ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याकडे पाणीपुरवठा, निवडणूक आणि वसुली, आणि उरलेल्या वेळात आपत्ती. मी त्या माणसाला दोष देत नाही. एका माणसावर चार खाती टाकली तर जे खाते रोज ओरडत नाही तेच मागे पडणार. पूर रोज येत नाही.

माझ्या घराचे काय झाले ते ऐका. गिरणीची मोटार चिखलाने भरली. जात्याचे दगड उतरवून धुतले, पण बेअरिंग गेले. त्याहून मोठे दुःख म्हणजे लोकांचे दळण. गहू, ज्वारी, बाजरी, कळण्याचे पीठ, सगळ्यांच्या नावाचे डबे रांगेत होते. त्यातल्या बऱ्याच बायका रोजाने निंदणीला जातात. त्यांचे धान्य मी भरून द्यायला नको? देते आहे, उसनवारीने देते आहे. मुलगी दहावीला आहे, तिच्या वह्या आणि जातीच्या दाखल्याची फाईल लगदा झाली. सासूबाईंच्या छातीत त्या ओलीने कफ साचला तो अजून सुटलेला नाही, रात्रभर उशाशी बसावे लागते. आणि शेजारच्या दादांच्या तीन म्हशी गोठ्यात दाव्याला बांधलेल्या अवस्थेत मेल्या. साहेब, अर्धा तास आधी कळले असते तर फक्त दावे कापायचे होते. पुढचे म्हशींनी स्वतः पाहिले असते.

मग पंचनामा. पहिला प्रश्न: घरात पाणी किती दिवस होते? मी म्हटले, चार-पाच तास. त्यांनी पेन थांबवले. निकष असा की घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असले तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये. हा निकष कोणी आखला? आमच्याकडे तापी सोडली तर बाकीचे पाणी डोंगरावरून धडाधड येते, नासधूस करते आणि उजाडेपर्यंत निघून जाते. अट शिथिल करायला शासनाने याआधी वेगळे आदेश काढले आहेत, मग प्रत्येक वेळी आम्ही मोर्चा काढेपर्यंत वाट का पाहता? गिरणीच्या मोटारीला तर अर्जात रकानाच नाही. म्हशीला ३७,५०० मिळतात, आणि आज बाजारात त्या पैशात दुभती म्हैस आणून दाखवावी.

कोणी म्हणेल, नाल्यात राहता कशाला. माझ्याकडे घरपट्टीच्या पावत्या आहेत, गिरणीचा परवाना आहे, विजेची जोडणी आहे, सगळे सरकारने दिलेले. नाल्याचे तोंड अडवून वर गाळे बांधले गेले, त्यांनाही परवानगी सरकारनेच दिली. ते गाळे कोणाचे, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल.

खान्देश म्हणजे दुष्काळ आणि ऊन, पूर कोल्हापूर-सांगलीला येतो, असा मंत्रालयाचा समज आहे. हा समज काढून टाका. १८७२ साली पांझरेने धुळ्यातली पाचशे घरे नेली, हे जुन्या गॅझेटियरमध्ये छापलेले आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या शिरल्या, त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. आणि आपत्ती म्हणजे फक्त पूर नव्हे. ३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीला रासायनिक कारखाना फुटला. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाड्याला रेल्वेखाली दहाहून अधिक माणसे गेली. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो, रावेर-यावलच्या केळीबागा वादळात आडव्या होतात. एवढे सगळे ज्या मुलखात होते तिथल्या गावात या कामाचा एकही पूर्णवेळ माणूस का नसावा?

राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान धुळ्यात आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मे २०२४ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांना शोधताना त्यांचे तीन जवान गेले. पण दल बोलावल्यावर येते. बोलावायचे कोणी, केव्हा? आमचे पाणी चार तासांत येऊन जाते. तेवढ्या वेळात जे करायचे ते गावातल्याच माणसाने करायचे असते: वरच्या पाझर तलावाचा सांडवा पाहायचा, भोंगा वाजवायचा, कोणत्या घरात म्हातारे माणूस खाटेवर आहे हे माहीत ठेवायचे, शाळेचे कुलूप उघडून घ्यायचे. इथे तलाव जलसंधारणचा, नाला नगरपालिकेचा, पूल बांधकाम खात्याचा, पंचनामा महसूलचा. पाणी या चौघांच्या हद्दी विचारत नाही, आणि चौघांना एकत्र बसवणारा कोणी नाही. मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, फोटो छापून येतो, बस्स.

कायदा तुमच्याकडे आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चे कलम ४१ सांगते की स्थानिक प्राधिकरणाने आपले अधिकारी-कर्मचारी प्रशिक्षित ठेवावेत आणि साधने वापरायला तयार ठेवावीत. वीस वर्षे उलटली. २०२५ च्या दुरुस्तीने नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आले, पण राजधान्या आणि महानगरपालिकांपुरते. म्हणजे खान्देशात जळगाव आणि धुळे. चाळीसगाव, अमळनेर, भुसावळ, शिरपूर, नंदुरबार यांनी काय करायचे? पैसा नाही असे सांगू नका. २०२१-२२ साठी पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राच्या आपत्ती निधीला ४,२९६ कोटी धरले होते आणि त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे साडेआठशे कोटींच्या वर, आपत्ती येण्याआधीच्या कामासाठी होता. त्यातला एक भोंगा आमच्या खांबावर का चढला नाही? बुडाल्यावर धनादेश वाटण्यात तुम्हाला रस आहे, कारण तिथे कॅमेरा असतो. न बुडालेल्या घराचा फोटो निघत नाही.

त्यात वर्षानुवर्षे नगरपालिकांवर प्रशासक होते. निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. मधल्या काळात आम्ही कोणाच्या दारात जायचे होते? नगरसेवक नाही, अध्यक्ष नाही, आणि प्रशासकाला पुन्हा मते मागायची नसतात.

मला तीन गोष्टी लेखी हव्यात. प्रत्येक नगरपालिकेत आपत्ती व्यवस्थापनाचा पूर्णवेळ, प्रशिक्षित अधिकारी, ज्याच्याकडे दुसरे कोणतेही टेबल नसेल आणि ज्याला तलाठ्यापासून बंबाच्या चालकापर्यंत कोणालाही मध्यरात्री कामाला लावायचा अधिकार असेल. नाल्यांवर भोंगे, पावसाळ्याआधी वाजवून दाखवलेले. आणि दोन दिवसांची ती अट कायमची रद्द.

त्या निवृत्त काकांचा नंबर अजून भिंतीवर आहे. त्यांनी तो पुसू नका म्हणून सांगितले आहे, नवा माणूस येईपर्यंत. ते साठी ओलांडलेले आहेत आणि त्यांना मधुमेह आहे. त्यांना किती पावसाळे उभे करणार ते कळवा.

आपली,
पिठाच्या गिरणीची चालक,
जळगाव जिल्हा