त्या रात्री बंद केलेला पंखा

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

गाडी वेळेवर पोचली. लिलो चिवडा मुलांनी रिक्षातच संपवला. आई, तुझा स्टीलचा डबा इथेच राहिलाय, पुढच्या खेपेस आणते.

बाबा, फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय. परवा तुमच्या डोळ्यात थेंब घालत होते तेव्हा तुम्ही सहज म्हणालात, "ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना विचारून घेतलं मी. मोतीबिंदू काढला तरी नेत्रदान करता येतं. बदलतात ते आतलं भिंग. देतात तो बुबुळावरचा पारदर्शक पडदा." आई गवार निवडत होती, तिचा हात थांबला. मी नुसतं "हं" म्हटलं आणि बाटलीचं झाकण लावलं. गाडीत रात्रभर ते "हं" मला टोचत होतं.

चिनू गेला त्या रात्रीबद्दल आपण तिघं कधीच बोललो नाही. मे २००९. आपल्या बडोद्याच्या मे महिन्यात रात्री तीनलासुद्धा अगाशीची फरशी पायाला गरम लागते. आणि चिनू तर डिसेंबरातही पंख्याशिवाय झोपत नसे; डोक्यावरून गोधडी आणि वर पंखा पाचावर. डॉक्टर नाडी बघून जिना उतरले आणि तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर उठून पंखा बंद केलात. मग त्याच्या डोक्याखाली आणखी एक उशी सरकवलीत, आईला कापूस ओला करून आणायला सांगितलंत आणि फोनपाशी गेलात. मला तुमचा इतका राग आला, बाबा. मी पंखा पुन्हा लावला. तुम्ही एक शब्द न बोलता पुन्हा बंद केलात.

पहाटे नेत्रपेढीची दोन माणसं आली. त्यांचं काम अर्ध्या तासाच्या आत झालं असेल. मी आतल्या खोलीत दार लावून बसले होते. बाहेर आले तेव्हा त्याचा चेहरा होता तसाच होता, पापण्या मिटलेल्या. त्याला धड गारवाही मिळू दिला नाही तुम्ही, एवढंच माझ्या मनात होतं. तो राग मी किती वर्षं बाळगला, ते तुम्हाला कळलं असणारच. दिवाळीला यायचे, पण तुमच्याजवळ बसायची नाही.

नंतर एका वर्षी ऑफिसात नेत्रदान पंधरवड्याचं पत्रक वाटलं, २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो तो. त्यात लिहिलं होतं: सहा तासांच्या आत कळवावं, डोकं थोडं उंच ठेवावं, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा. वाऱ्याने तो पडदा सुकतो म्हणून. मी ती ओळ वाचली आणि जिन्यातच बसले.

त्याच संध्याकाळी फोन करायला हवा होता. नाही केला. आज लिहिते: बाबा, तुम्ही बरोबर केलंत. मी चुकले. मुलगा समोर गेलेला असताना तुम्ही हात थरथरू न देता ते केलंत, आणि वर माझा रागही सोसलात.

आई, आता तुझ्याशी. तू अजून म्हणतेस, त्याचा गळा दुखत होता तेव्हाच न्यायला हवं होतं. अगं, अकरा वर्षांच्या पोराचा गळा दुखला तर दांडिया बाजारातली कुठलीही आई हळद-दूधच देईल आणि मिठाच्या गुळण्या करायला लावील. पुढे गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा धरला. ज्यांना दाखवलं त्यांनीही वाढीचं वय आहे म्हणून सांगितलं. घशातल्या साध्या जंतूंमुळे सांधे धरतात आणि हृदयाची झडप कायमची खराब होते, हे कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का? आणि कळल्यावर तू काय केलंस ते मी बघितलंय. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. कॅलेंडरवर तुझी लाल पेन्सिलची फुली. एकही तारीख चुकली नाही, अगदी मावशीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा.

इंजेक्शन झालं की तो लंगडत तुझा हात धरून कामाटीबागेत जायचा, म्युझियममध्ये, देवमाशाच्या सांगाड्यापाशी. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेलं निळ्या देवमाशाचं पिल्लू. "पिल्लू, तरी ७१ फूट!" हे तो घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. बरगड्या मोजायचा, आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. एकदा मीही बरोबर होते. त्याने तुला विचारलं, "याचं हृदय कुठे होतं?" तू बरगड्यांमधल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलंस. तो बराच वेळ तिथेच बघत उभा राहिला.

पुढचं झडप फुग्याने उघडायचं ऑपरेशन, चढणारी धाप, झडप बदलण्याची न आलेली तारीख, हे काही मी लिहीत नाही. मला उत्तरायणातला, संक्रांतीच्या पतंगांतला चिनू लिहायचाय. पळता येत नाही म्हणून तो पाण्याच्या टाकीला टेकून बसायचा आणि तिथून आख्ख्या आभाळावर लक्ष ठेवायचा. मला सुरसागरच्या बाजूला नुसते ठिपके दिसायचे, हा सांगायचा, "तो जांभळा सैल सोडलाय, आता कापला जाणार." आणि पुढच्या मिनिटाला शेजारच्या अगाशीवर "काप्यो छे! लपेट!" काय नजर होती त्याची!

त्या पडद्याबरोबर नजर जात नाही, हे मला कळतं. दोन डोळे, बहुधा दोन माणसं. नावं सांगत नाहीत. तरी दर उत्तरायणाला मी पतंग बघायचे सोडून आजूबाजूच्या अगाश्यांवरची माणसं बघत राहते.

बाबा, एकच विचारायचंय. त्या रात्री पंखा, उशी, कापूस, सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं. नंबरही डायरीत शोधावा लागला नाही. हे तुम्हाला चिनूनेच सांगून ठेवलं होतं का? केव्हा? तो काय म्हणाला होता?

उत्तर फोनवर नको. तुम्हाला अजून पंधरा दिवस डोळ्यांना ताण द्यायचा नाही, म्हणून तुम्ही सांगा आणि आई, तू लिही. घाई करू नका, आठवेल तेवढं सगळं लिहा.

मी तेरा जानेवारीला रात्री पोचते. माळ्यावरची त्याची फिरकी काढून ठेवा.

तुमची,
ताई