विन्याला पत्र: ३९.२४ न्यूटन

प्रिय विन्या,

तुझे मेसेज नुसते वाचून ठेवले. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. बीपी आटोक्यात, गुडघा आहे तसाच.

लिहायला बसलो ते फ्रिक्शनपायी, म्हणजे घर्षणापायी. पहिल्या वर्षाच्या चाचणीत घातलं होतं: १० किलोचा ब्लॉक आडव्या खडबडीत जमिनीवर, स्टॅटिक म्यू (ब्लॉक हलत नसतानाचा घर्षण-गुणांक) ०.४, आडवी ओढ २० न्यूटन. फ्रिक्शन किती? ब्लॉक हलतच नाही, म्हणून उत्तर २०. पण अख्ख्या वर्गाचं जवळपास एकच उत्तर, म्यू गुणिले वजन, ३९.२४ न्यूटन. दोन दशांश स्थळांपर्यंत बिनचूक! म्हणजे ओढायचं पुढे आणि ब्लॉक निघाला मागे. आपल्या बुवांनी डस्टरच फेकला असता.

तू म्हणणार, पोरांना भूकच नाही. गोव्याच्या ट्रिपपासून तुझं हेच पालुपद, आणि तेव्हाही मला पटलं नव्हतं. जुने पेपर काढून बघ. जिथे तिथे 'मोशन सुरू व्हायला किमान पी (ओढ) किती'. ब्लॉक कायम सुटायच्या बेतात, त्यामुळे म्यू एन (म्यू गुणिले जमिनीची वरची प्रतिक्रिया) लिहिलं की गुण पडले. म्यू एन ही कमाल मर्यादा आहे, तिच्या आत फ्रिक्शन ओढीइतकंच असतं, हे कळायची गरजच कुठे पडत नाही. पोरं आळशी नाहीत रे, आपला पेपर आपल्यापेक्षा नीट वाचतात. एफबीडीला (ब्लॉकवरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृतीला) वेगळे गुण ठेवले, तर एफबीडीही पाठ!

गोथेनबर्गच्या मार्टन आणि सॅल्यो या शिक्षण-संशोधकांनी १९७६ मध्येच दाखवलं होतं की पुढे काय विचारतील या अंदाजावर विद्यार्थ्याचं वाचणं ठरतं. मेख अशी, की खोलात न्यायला घातलेल्या प्रश्नांचाही पोरं साचा करून टाकतात. तेव्हा शेवटी 'कारण द्या' चिकटवून भागत नाही.

सध्या हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक मझूर यांची, शेजाऱ्याशी वाद घालून शिकायची पद्धत वर्गात चालवतोय, क्लिकरविना (उत्तर नोंदवायच्या रिमोटविना). एक प्रश्न, चार पर्याय, मिनिटभर तोंड बंद. मग ए-बी-सी-डीची कार्डं एकदम, तीही छातीशी धरून. डोक्यावर धरली की मागचे बाक हुशारांचं बघून ठरवतात. ३० टक्क्यांहून कमी बरोबर आले तर पुन्हा फळा, ७० च्या वर तर पुढचा मुद्दा. मधे अडकलं तर शेजाऱ्याला दोन-तीन मिनिटं पटवायचं आणि परत कार्डं. त्याआधी उत्तर फुटलं की मुसळ केरात. मग ओढ ३० करायची, नंतर ४५. पंचेचाळिसाला ब्लॉक सुटतो आणि कायनेटिक म्यू (घसरतानाचा) लागतो. तो मुद्दाम द्यायचा नाही, त्यांनी मागायला हवा.

घोर एवढाच, की 'सर, हे पेपरात येणार का?' याचं खरं उत्तर 'नाही' असं आहे. हे कळलं की कार्डं चार आठवड्यांत पिशवीत जातील. तू बोर्ड ऑफ स्टडीजवर, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर, आहेस ना? मग न हलणाऱ्या ब्लॉकचा एक पाच गुणांचा प्रश्न नमुना पेपरात घुसव. शिडीचा चालेल, पुलीचा नको.

चिंगीच्या ॲडमिशनचं काय झालं? कॉम्प्युटरच हवं म्हणत असेल तर घेऊ दे बाबा, वाद घालू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या