संज्यास पत्र: तात्यांचा चहा

कोल्हापूर
मंगळवार, रात्री

प्रिय संज्या,

फोन केला असता, पण फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस. या वेळी मला ते चालणार नाही. शिवाय आमच्या घरात मनातलं काही बोलायचं तर गच्चीवर जावं लागतं, आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही. म्हणून लिहायला बसलो.

तब्येत बरी आहे. शुगर आटोक्यात, आईचा गुडघा आहे तसाच.

तर, मी ऑफिसातली जागा बदलून घेतली. वरचं काचेचं, एसीचं ऑफिस सोडलं आणि खाली स्टोअरला लागून डिस्पॅचची खोली आहे ना, तिथं टेबल लावून घेतलं. भिंतीपलीकडं कॉम्प्रेसर, समोर फेटलिंग, म्हणजे आमच्या फाउंड्रीतला ओतीव माल घासून साफ करतात ती जागा. दिवसभर ग्राइंडर चालू. मालकांना कळेना. "अरे, वर एसी आहे, खाली धूळ. कुणाशी वाजलंय का?" मी नाही म्हणालो, आणि ते खरं होतं. पण संध्याकाळच्या आत गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं की माझं आणि वरच्या ऑफिसातल्या तात्यांचं बिनसलं.

तात्यांचं आणि माझं! माझ्या लग्नात तुला आग्रह करकरून पांढरा रस्सा पाजणारे तेच तात्या. कॉस्टिंग मला कॉलेजनं नाही शिकवलं, तात्यांनी शिकवलं. रिजेक्शनचा आकडा बघून मोल्डिंगला काय बिघडलंय ते खुर्चीत बसून सांगणारा माणूस. आणि त्यांचं ते बशीत ओतून चहा पिणं. तू ऐकलंयस. एक फुर्रका, मग थांबणं. त्या थांबण्यातच माझा जीव जातो, कारण पुढचा कधी येणार ते ठाऊक नसतं. मध्ये खाकरणं. पलीकडं सेल्सचा पोरगा पेनचं बटण टिकटिकवत फोनवर "हां... हां... नाही नाही... धाडतो की". अकाउंट्सच्या मॅडम डबा खाताना रील लावतात, स्पीकरवर. यातला एकही माणूस वाईट नाही, संज्या. एकानंही कधी माझं वाकडं केलेलं नाही. आणि तरी पहिला फुर्रका कानावर पडला की माझा जबडा आवळतो, छातीत गरम होतं, हात टेबलाखाली मुठीत जातात. जीएसटीच्या एकाच ओळीवर डोळे तसेच खिळून राहतात. हे राग येण्यासारखं आहे, पण राग यायला काहीतरी कारण लागतं. इथं कारण नसताना अंग आधीच पेटलेलं असतं.

हे तुला सांगायची गरज नाही, म्हणूनच तुला सांगतोय. हॉस्टेलमध्ये माझं गजराचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून ट्रंकेत ठेवणारा तूच. आणि फुटाण्यांवरून आपलं जे झालं होतं! परीक्षेच्या तोंडावर तू पुडी घेऊन कॉटवर बसायचास, मी खोलीतून उठून खर्डेकर ग्रंथालयात जायचो, आणि तू गावभर सांगितलंस की मला तुझ्या पेठेचे फुटाणे चालत नाहीत, फुटबॉलमधल्या पाटाकडील तालमीचा माणूस आहे, शिवाजी पेठेचं काहीच सोसवत नाही. ती गोष्ट मी अजून तुझ्या नावावर मांडून ठेवली आहे. पण मग एका रात्री तू आपण होऊन पुडी घेऊन जिन्यात जाऊन बसलास आणि परत येऊन म्हणालास, "तू माणसावर चिडत न्हाईस, आवाजावर चिडतोस. मला कळलंय." तेव्हापासून आजपर्यंत हे दुसऱ्या कुणाला इतक्या थोडक्यात कळलेलं नाही. बायकोलासुद्धा समजावून सांगावं लागलं, आणि ती समजूतदार आहे.

राजारामपुरीत कानाच्या डॉक्टरांना दाखवून आलो. बंद खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून बारीक बारीक शिट्ट्या ऐकवल्या. आलेख अगदी नीट आला. कान ठणठणीत. मला वाटलं, आता हे म्हणणार मनाचा खेळ आहे, योगा करा. पण ते म्हणाले, याला मिसोफोनिया म्हणतात. अमेरिकेतल्या मार्गारेट आणि पावेल जस्ट्रेबॉफ या नवरा-बायकोनं 2001 मध्ये हे नाव दिलं. 2022 मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून त्याची व्याख्या ठरवली, आणि त्यात आवाज किती मोठा आहे याला महत्त्वच नाही. ठरावीक आवाज असतात, बहुतेक माणसाच्या तोंडाचे, घशाचे, नाकाचे, आणि तेच सहन होत नाहीत. संज्या, हे ऐकताना मला त्या खुर्चीतच रडू येईल असं वाटलं. इतकी वर्षं लोक मला एकच विचारत आलेत, गणपतीत डॉल्बीच्या पुढं नाचतोस आणि चहाचा त्रास होतो? शाहू स्टेडियमवर गोल झाल्यावर सगळी गॅलरी उठते तेव्हा तुझे कान कुठं असतात? त्यांना माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता आहे.

घरी येऊन मी वाचत बसलो. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या सुखबिंदर कुमार यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये अशा लोकांचे मेंदू स्कॅन करताना त्यांना चघळण्याचे, श्वासाचे आवाज ऐकवले. कुठल्या गोष्टीकडं लक्ष द्यायचं हे ठरवणारा मेंदूचा एक भाग त्यांच्यात फार जोरात पेटतो, छातीची धडधड वाढते, घाम सुटतो. नंतर 2021 मध्ये त्यांनाच दिसलं की आपलं तोंड हलवणारा जो मेंदूचा भाग आहे, त्याची आवाज ऐकणाऱ्या भागाशी या लोकांत जास्तच घट्ट जोडणी असते. म्हणजे तात्या चहा ओढतात तेव्हा माझ्या डोक्यात माझंच तोंड जबरदस्तीनं हलवलं जातंय. हे वाचल्यावर मी पुस्तकं मिटल्यासारखा गप्प बसून राहिलो. अगदी असंच वाटतं. कुणीतरी आत शिरल्यासारखं.

आता तू म्हणशील, हेडफोन घे. घेतला. महागातला, आवाज मारणारा. तो यंत्रं सतत घरघरतात ती घरघर छान खातो. एसी गेला, पंखा गेला, आणि त्या शांततेत तात्यांचा फुर्रका एकटा, स्वच्छ, कोरून काढल्यासारखा ऐकू यायला लागला. अचानक येणारे, बारीक आवाज त्याला नीट पकडता येत नाहीत. कानात फोमचे बोळे घातले, तर डॉक्टर म्हणाले दिवसभर घालू नका, कान शांततेला सोकावतो आणि मग साधा आवाजही बोचतो. तक्रार करावी तर कुठं? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत, दिवसा रहिवासी भागात 55 डेसिबल, व्यापारी भागात 65, औद्योगिक भागात 75. तात्यांच्या बशीवर कोण मीटर धरणार? आणि सगळ्यांनी हळू बोला म्हणून पाटी लावली तरी उपयोग होत नाही. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1911 मध्येच दाखवून दिलंय की भोवती आवाज असला की माणूस न कळत आपला आवाज चढवतो. सेल्सचा पोरगा चढला की मॅडम रील चढवणार, मॅडम चढल्या की तो पोरगा आणखी. फोनवरचं एका बाजूचं बोलणं तर सगळ्यात वाईट. कॉर्नेल विद्यापीठात 2010 मध्ये तपासलंय, दोघांचं पूर्ण बोलणं ऐकण्यापेक्षा अर्धं ऐकलं तर कामात जास्त चुका होतात, कारण मेंदू उरलेलं अर्धं जुळवत बसतो. "धाडतो की" म्हटल्यावर काय धाडतो, कुणाला धाडतो, मी दुपारभर बसून जुळवत असतो.

म्हणून खाली गेलो. कॉम्प्रेसर एका सुरात चालतो. ग्राइंडर कर्कश आहे, पण त्याला माझ्याशी काही देणंघेणं नाही. फ्लोअरवर जाताना कानात बोळे घालतो, ते सगळ्यांनीच घालायला हवेत, आमच्यातली निम्मी पोरं घालत नाहीत आणि पन्नाशीत बहिरी होणार आहेत, त्याबद्दल मी मालकांशी भांडणार आहे. तो विषय वेगळा. खोलीत दार लावून घेतलं की बोळ्यांशिवाय चालतं. पहिल्या आठवड्यात मी महिनाअखेरचं सगळं काम संपवून घरी उजेड असताना पोचलो. पोरीला शाळेतून आणायला गेलो, तर ती म्हणाली, "बाबा, कामावरून काढलं काय?"

इथपर्यंत ठीक होतं. आता आज काय झालं ते ऐक.

अकराच्या सुमारास तात्या खाली आले. हातात कप आणि बशी. दारातच उभे राहिले. काहीतरी ई-वे बिलाचं विचारलं, जे ते वरूनही विचारू शकले असते. मी म्हटलं, बसा. ते बसले. कप टेबलावर ठेवला, वर बशी झाकली. मग पाटगावच्या पावसाचं बोलले, नातवाच्या डिप्लोमा प्रवेशाचं बोलले. चहाला हात लावेनात. मी म्हटलं, तात्या, चहा गार होतोय. "असू दे की," म्हणाले. खाकरावंसं वाटलं तर उठून बाहेर गेले, लांब, पार शॉटब्लास्टच्या मशीनपर्यंत, आणि परत आले. जाताना तो गार चहा बाहेर मोरीत ओतला.

कुणीतरी त्यांना सांगितलंय. कोण ते मला माहीत आहे आणि त्याच्याशी मी बघून घेईन. पण संज्या, पासष्टीला टेकलेला माणूस, सगळा जन्म त्या भट्टीशेजारी काढलेला, माझ्यासमोर चहा प्यायला घाबरतोय. मला आवाज नको होता. मला तात्या नको नव्हते कधीच. दिवसभर तो झाकलेला कप डोळ्यापुढून हलेना. ते चिडले असते, शिव्या घातल्या असत्या, तर मी सोसलं असतं. त्यांनी मला सांभाळून घेतलं, आणि ते माझ्याच्यानं सोसवेना.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आहे ते सगळं सरळ सांगून टाका त्यांना. पण सांगायचं कसं? "तात्या, तुमच्या तोंडाचा आवाज मला चालत नाही" हे वाक्य मराठीत कसंही फिरवलं तरी अपमानच होतो. मेंदूचं, 2017 चं सांगितलं तर ते मान डोलावतील आणि मनात म्हणतील पोरगं शिकून वाया गेलं. तू मला ज्या शब्दांत सांगितलं होतंस ना, माणसावर नाही आवाजावर, तेच त्यांना सांगणार आहे. दुसरं काही सुचत नाही, आणि खरंही तेच आहे.

आणि एक डोक्यात आलंय. डॉक्टर म्हणाले होते, काही जणांना समोरच्यासोबत आपणही खाल्लं-प्यालं की त्रास कमी होतो. तोंड आपण आपल्या मर्जीनं हलवलं की ती जबरदस्ती उरत नाही, मला तरी असंच समजलं. मग आठवलं, रंकाळ्याच्या कट्ट्यावर वाऱ्यात बसून तू भेळ खायचास, तेव्हा मला कधीच काही झालं नाही. मीही खात असायचो आणि मागून गाड्या जात असायच्या. तर मी तात्यांना म्हणणार आहे की अकराचा चहा रोज माझ्याबरोबर बाहेर टपरीवर. उद्यमनगरातली टपरी, समोर लेथ चालू, टेम्पो रिव्हर्स घेत असतात, तिथं त्यांनी बशीतून कसाही ओढू दे. मीपण बशीतूनच पिणार. पावसाचं काय, ते बघू, पत्रा आहे. खाकरण्यावर मला अजून काही सापडलेलं नाही. पेनवाल्या पोराला मात्र बटण नसलेलं, टोपणाचं पेन भेट देणार, तेवढं सोपं आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? नाशिक का संभाजीनगर, एकदा ठरव म्हणजे दिवाळीचं ठरवता येईल. वहिनींचं रिपोर्टचं काम निघालं होतं, ते चांगलं आलं ना? चिरंजीवाला म्हणावं दहावीचं वर्ष आहे, आणि तुझ्यासारखा फुटाणे खात अभ्यास करू नकोस. काकूंची काळजी करू नको. काल शुक्रवार पेठेत जाऊन आलो, पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या आत आहे, इशाऱ्याला अजून लागलेली नाही. तरी 2019 आणि 2021 चा अनुभव बघता खालच्या खोलीतलं धान्य मी आणि धाकट्यानं माडीवर चढवून ठेवलंय. पाणी वाढलं तर काकूंना सरळ आमच्याकडं घेऊन येतो, तू फोनवर हुज्जत घालत बसू नको.

शनिवारी अर्धा दिवस असतो. तेव्हा तात्यांशी बोलणार आहे, टपरीवरच. त्याआधी तुला काही वेगळं सुचलं तर कळव. "माणसावर नाही" हे त्यांना पटेल की आणखी लागेल, एवढंच मला तुझ्याकडून हवंय, कारण ते तुला पटलं होतं.

तुझा,
बाळ्या