ट्रॉली हळू उचलते म्हणून रिलीफ वाल्व्ह आवळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डंपिंग ट्रॉलीखाली माणूस सापडला अशी बातमी पेपरात अधूनमधून येते आणि कारण दरवेळी एकाच ओळीत उरकलेलं असतं, "हायड्रोलिक फेल झाल्याने". मी शिरोली एमआयडीसीत हायड्रोलिक रिपेअरिंग करतो. हायड्रोलिक आपोआप फेल होतं असं फार थोड्या वेळा दिसतं, बहुतेक वेळा कुणीतरी आधी त्याची वाट लावून ठेवलेली असते.

गिऱ्हाईक येतं, ट्रॉली लय हळू उचलतीय, जरा प्रेशर वाढवून द्या म्हणतं. गावातले बरेच मेकॅनिक पण हेच करतात, रिलीफ वाल्व्हचा लॉक नट ढिला करायचा, स्क्रू दोन आटे आत घ्यायचा, झालं काम. अहो पण पंप प्रेशर तयारच करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर येतं ते समोरच्या लोडमुळे. प्रेशर गेज लावून बघा, रिकामी ट्रॉली उचलताना काटा थोडासा हलून थांबतो आणि तीच ट्रॉली मुरमाने भरली की कुठल्या कुठे जातो, पंप तोच आणि इंजिनची रेस पण तीच. रिलीफ वाल्व्ह फक्त वरची मर्यादा ठरवतो, त्याच्या पुढे गेलं की ऑइल टाकीत परत.

आता हिशोब बघा. 100 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक, म्हणजे ट्रॉली उचलणारा सिलिंडर, पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण 78.5 चौरस सेंमी, 150 बारला (बार म्हणजे प्रेशरचं माप) तो जवळपास 12 टन ढकलतो. ही झाली ताकद. वेगाचं गणित वेगळं, ते मिनिटाला किती लिटर ऑइल येतं त्यावर. 30 लिटर येत असेल तर जॅक 1 मीटर बाहेर यायला साधारण 16 सेकंद लागणार, मग वाल्व्ह 150 वरून 200 बारवर नेला तरी 16 चे 10 होत नाहीत. वेग हवा तर रेस वाढवा, गिअर पंप जेवढा फिरेल तेवढंच ऑइल देतो. हां, स्प्रिंग बसल्यामुळे वाल्व्ह लोड यायच्या आधीच उघडत असेल तर गोष्ट वेगळी, पण ते गेजशिवाय कळणार कसं?

ट्रॉलीचे जॅक बरेचदा टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक बसणाऱ्या नळ्यांचे असतात, त्यात तर हे डोळ्यांनी दिसतं. जाड नळी आधी निघते, सावकाश, मग बारीक नळी भराभर वर जाते. पंप काही मध्येच जोरात चालायला लागत नाही, क्षेत्रफळ कमी झालेलं असतं एवढंच. ट्रॉली खरंच हळू झाली असेल तर आधी फिल्टर चोंदलाय का बघा, ऑइलला फेस येतोय का बघा (पंप सक्शनच्या, म्हणजे ऑइल ओढायच्या पाइपातून हवा ओढत असेल), आणि थंड असताना ठीक पण ऑइल तापल्यावर हळू होत असेल तर पंप झिजलाय, पैसे तिथे घाला.

वाल्व्ह आवळून ठेवला की ओव्हरलोड किंवा अडकलेल्या ट्रॉलीला तो उघडत नाही, मग होज (ऑइलचा रबरी पाइप) फुटतो नाहीतर जॅक वाकतो आणि त्या वेळी खाली ग्रीस मारायला कोण गेलेलं असेल ते नशीब. म्हणून वर केलेल्या ट्रॉलीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय जाऊच नका, निव्वळ ऑइलच्या भरवशावर तर मुळीच नाही.

आणि एक गोष्ट जी छापाच. होजला सुईएवढं भोक पडलंय का ते हात फिरवून बघायची वाईट सवय आपल्याकडे आहे. 150 बारची ती बारीक धार कातडीतून सरळ आत जाते, वर ठिपक्याएवढी जखम दिसते, सुरुवातीला फार दुखत पण नाही आणि आत बोट सडायला लागतं. तपासायचं तर पुठ्ठा धरा, तोही हात लांब ठेवून. तरी कुणाला लागलंच तर हळद लावून घरी बसवू नका, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा आणि ऑइल प्रेशरने आत गेलंय, कुठलं ऑइल आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, नाहीतर साधी टोचल्याची जखम समजून पट्टी बांधून घरी पाठवतील.

आपला,
एक हायड्रोलिक मेकॅनिक, कोल्हापूर