पट्टीच्या फटीतून दिसतं, त्याला अतींद्रिय म्हणायचं?

संपादक महोदय,

सुट्ट्या तोंडावर आल्या की डोळे बांधूनही मुलांना वाचता येईल असा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’ वर्गांच्या जाहिराती सुरू होतात. डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेलं मूल पुस्तक वाचतंय, नोटेवरचा नंबर सांगतंय आणि समोर आईवडील टाळ्या वाजवताहेत, असे फोटो वर्तमानपत्रांतही कौतुकानं छापून येतात. माझ्या नातीला गेल्या वर्षी अशाच एका वर्गाला घातलं होतं. दोन दिवसांचे 25 हजार रुपये.

घरी परतल्यावर तिनं सगळ्यांसमोर पट्टी बांधून रंगीत पेन्सिली ओळखल्या, मासिकाचं मुखपृष्ठ वाचून दाखवलं. मी 34 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. शेजारच्याच्या पाटीत डोकावणाऱ्या मुलाची मान कशी होते, ते मला लगेच कळतं. नात मासिक पोटाशी धरत होती आणि हनुवटी जराशी वर उचलत होती. नाकाच्या उंचवट्यामुळे पट्टी गालाला नीट टेकत नाही, दोन्ही बाजूंना फट राहते. मी तिच्या हनुवटीखाली वहीचा पुठ्ठा आडवा धरला. वाचन तिथेच थांबलं. रात्री माझ्या कुशीत शिरून ती म्हणाली, “आजी, खालून थोडं दिसतं गं. पण दिसतं म्हटलं तर शक्ती जाते, असं सर म्हणाले. आणि बाबांनी एवढे पैसे भरलेत.”

नऊ वर्षांच्या मुलीवर हे ओझं! पैसे गेले त्यापेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

अतींद्रिय म्हणजे इंद्रियांच्या पलीकडचं. दुसऱ्याच्या मनातलं कळणं, दूरचं किंवा पुढे घडणारं दिसणं, असे दावे त्यात येतात. ते तपासायचे तर आधी डोळ्या-कानांच्या साऱ्या वाटा बंद करायला हव्यात, मग योगायोगाचा हिशेब मांडायला हवा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात संशोधक जे. बी. ऱ्हाईन यांनी 1930च्या दशकात पाच चिन्हांच्या 25 पत्त्यांवर असे प्रयोग केले. नुसत्या अंदाजानंही त्यातले सरासरी 5 पत्ते बरोबर येतात. त्यांना मिळालेले आकडे याहून मोठे होते आणि त्यांचा जगभर गाजावाजा झाला. पण सुरुवातीच्या काही पत्त्यांवरचं चिन्ह मागून अंधूक दिसत असे, हे पुढे लक्षात आलं. बंदोबस्त कडक केल्यावर इतरांना तसे आकडे मिळेनात. फट इथेही होतीच. असे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी अशी शक्ती सिद्ध करणाऱ्याला 10 लाख डॉलर देऊ केले होते. 2015मध्ये ते आव्हान बंद होईपर्यंत कुणीही ते जिंकू शकलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण ज्योतिषाचं आहे, पण तपासणीची रीत तीच. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह पुण्यात 2008मध्ये ही चाचणी घेतली. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या मिळून 200 कुंडल्या जमवल्या. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून कोणती कुणाची ते सांगायचं होतं. सरासरी 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी आली असती.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू. तो जन्मापासून प्रत्येकाचा काम करतच असतो, डोळ्यांच्या हालचाली सांभाळतो. तो दोन दिवसांत ‘सुरू’ काय करणार? पट्टी बांधून खरंच वाचता येत असतं, तर अंधशाळेतली मुलं ब्रेलच्या ठिपक्यांवर बोटं फिरवत वर्षानुवर्षं मेहनत का करतात? या वर्गांनी आधी तिथे जाऊन फुकट शिकवावं.

चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं हा महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. हे लोक चमत्कार हा शब्दच टाळतात, विज्ञान म्हणतात, म्हणून पालकही बेसावध राहतात. सरकारनं ही पळवाट बुजवावी. आणि आपल्याला हात जोडून विनंती, की असा फोटो छापण्याआधी आपल्या बातमीदारानं एकदा तरी पुस्तक मुलाच्या डोक्यामागे धरून पाहावं. पाच मिनिटंही लागणार नाहीत.

माझा मुलगा पैसे परत मागायला तयार नाही. लोक हसतील म्हणतो. वर्गाचे फोन अजून येतात, दुसऱ्या टप्प्याच्या फीसाठी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली